रहस्यकथा लिहिणाऱ्यांचं मंडळ ठाण्यात का नसावं?

मागच्या अंकात या सदरात मी लिहिलं होतं की, मराठीत रहस्यकथा वाचणारे उदंड आहेत, लिहिणारेही पूर्वी होते आणि आज आहेत. पण त्यांना एका सतरंजीवर बसवणारी संस्था नाही आणि नाव घेताच सगळ्या महाराष्ट्राला कळेल असा पुरस्कारही नाही. त्यावर ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी अशी चहूकडून पत्रं आली. काही मनापासून, काही रागानं. त्यांतली निवडक इथे घेते. नव्या वाचकांसाठी सांगते, माझी सगळी नोकरी ठाण्याच्या न्यायालयात बेंच क्लार्क म्हणून झाली. खुनाचे खटले समोर चालताना ऐकले आणि घरी येऊन रहस्यकथा वाचल्या. दोन्हींचं प्रेम अजून तसंच आहे.

परदेशात रहस्यकथा लेखकांच्या संस्था आहेत असं तुम्ही लिहिलंत. या संस्था नेमकं करतात काय? वर्षातून एकदा जेवण आणि बक्षीस समारंभ, एवढंच ना?
– एक निवृत्त शिक्षक, विष्णुनगर, ठाणे

सर, जेवण असतंच, आणि त्याला कमी लेखू नका. लंडनचा डिटेक्शन क्लब १९३० साली उभा राहिला तो रात्रीच्या जेवणाच्या बैठकींतूनच. जी. के. चेस्टरटन पहिले अध्यक्ष, आणि टेबलाभोवती अ‍ॅगाथा ख्रिस्ती, डोरोथी सेयर्स, अँथनी बर्कली अशी मंडळी. नव्या सभासदाला शपथ घ्यावी लागे. एक मानवी कवटी ठेवलेली असे, तिला त्यांनी एरिक असं नाव दिलं होतं; तिच्यावर हात ठेवायचा आणि सांगायचं की, माझ्या कथेतला तपास करणारा माणूस बुद्धीच्या जोरावर गुन्हा उकलेल, दैवी साक्षात्कार, जादूटोणा किंवा योगायोग यांच्या भरवशावर नाही, आणि महत्त्वाचा दुवा मी वाचकापासून लपवून ठेवणार नाही. कवटी, मेणबत्त्या हा सगळा थाट गमतीचा होता, पण शपथेतला मजकूर अगदी खरा. लेखकानं वाचकाला दिलेलं ते वचन आहे. तुम्ही रहस्यकथा वाचताना शेवटच्या पानावर फसवलं गेल्यासारखं वाटलं असेल, तर ते वचन तिथे मोडलेलं असतं.

याच क्लबाला स्वतःची जागा हवी होती. पैसे कुठून आणायचे? सभासदांनी मिळून एक कादंबरी लिहिली, ‘द फ्लोटिंग अ‍ॅडमिरल’. ती १९३१ मध्ये आली. एकानं एक प्रकरण लिहायचं आणि पुढच्याकडे द्यायचं. अट अशी की, पहिली दोन प्रकरणं लिहिणारे सोडून बाकी प्रत्येकानं आपल्या प्रकरणासोबत आपल्या मनातला उलगडाही लिहून द्यायचा. म्हणजे पुढच्याला अडचणीत टाकायचं म्हणून कुणी वाटेल तो पुरावा पेरून मोकळं होऊ शकत नव्हतं. ते सगळे उलगडे पुस्तकाच्या शेवटी छापले आहेत. लिहायला शिकणाऱ्यानं ते वाचावेतच. एकाच पुराव्यातून वेगवेगळी डोकी किती वेगवेगळ्या माणसांपर्यंत पोचतात, हे त्यात दिसतं.

पुढे १९५३ मध्ये जॉन क्रीझी यांनी ब्रिटनमध्ये क्राइम रायटर्स असोसिएशन काढली. हा माणूस सहाशेच्या आसपास पुस्तकं लिहिणारा, अठ्ठावीस टोपणनावांनी. तिथे मला आपले बाबूराव अर्नाळकर आठवतात. १९०६ ते १९९६ एवढं दीर्घ आयुष्य, हजाराहून अधिक रहस्यकथा, झुंजार आणि काळापहाड हे त्यांचे नायक घराघरांत पोचलेले. क्रीझींचा झपाटा मोठा, अर्नाळकरांचा त्याहून मोठा. पण क्रीझींच्या मागे संस्था उरली आणि तिच्याकडून आजही पदार्पण करणाऱ्या कादंबरीकाराला क्रीझींच्या नावाचं पारितोषिक मिळतं. अर्नाळकरांच्या मागे काय उरलं? रद्दीच्या दुकानातल्या पिवळ्या प्रती, आणि साठी ओलांडलेल्या वाचकांच्या आठवणी. हे मला मनापासून लागतं.

या असोसिएशननं १९५५ पासून वर्षातल्या सर्वोत्तम कादंबरीला पुरस्कार द्यायला सुरुवात केली, आणि १९६० पासून तो गोल्ड डॅगर म्हणजे सोनेरी खंजीर या नावानं ओळखला जातो. अमेरिकेतली संस्था, मिस्टरी रायटर्स ऑफ अमेरिका, त्याआधीची, १९४५ ची. त्यांचं घोषवाक्यच असं की गुन्ह्याच्या धंद्यात पुरेसे पैसे मिळत नाहीत. मानधनाचा प्रश्न त्यांनी पहिल्या दिवसापासून धरला होता. त्यांचा पुरस्कार एडगर, एडगर अ‍ॅलन पो यांच्या नावाचा. १९४६ मध्ये तो पहिल्यांदा दिला तेव्हा कादंबरीसाठी एकच पारितोषिक होतं, आणि ते होतं पहिल्या कादंबरीचं. सर्वोत्तम कादंबरीचं पारितोषिक त्यानंतर आठ वर्षांनी, १९५४ मध्ये सुरू झालं. सर, या क्रमाकडे लक्ष द्या. त्यांनी आधी नवशिक्याकडे पाहिलं, नामवंतांची पाळी नंतर आली.

आणि जपान! युद्धात बेचिराख झालेल्या टोकियोत १९४६ मध्ये रहस्यकथा लेखक शनिवारी एकत्र जमू लागले. कागदाची टंचाई होती, खाण्यापिण्याची ददात होती, तरी जमले. मधोमध एदोगावा राम्पो. पो यांच्या नावाचा जपानी उच्चार करून त्यांनी हे टोपणनाव घेतलं होतं. १९४७ मध्ये त्या बैठकींतून रीतसर संस्था झाली. १९५४ मध्ये राम्पो साठ वर्षांचे झाले, तेव्हा त्यांनी दिलेल्या पैशातून त्यांच्या नावाचा पुरस्कार उभा राहिला. तिसऱ्या खेपेपासून तो अप्रकाशित कादंबरीला द्यायचं ठरलं, आणि १९५७ मध्ये तो मिळाला निकी एत्सुको या तरुण स्त्रीला. लहानपणीच्या क्षयरोगानं तिला चालता येत नव्हतं, शाळेत जाता आलं नव्हतं. घरात पडून तिनं हस्तलिखित लिहिलं, स्पर्धेला पाठवलं, ते पुस्तक झालं आणि तडाखेबंद खपलं. आज मराठीतही ज्यांचं नाव वाचकांना ठाऊक होऊ लागलं आहे ते केइगो हिगाशिनो, त्यांनाही १९८५ मध्ये हाच पुरस्कार मिळाला आणि नोकरी सोडून ते पूर्णवेळ लेखक झाले. संस्था काय करते याचं माझं उत्तर निकी एत्सुको हे आहे.

मी ऐरोलीत राहते, आयटी कंपनीत काम करते. मराठीत एक गुन्हेगारी कादंबरी लिहून पूर्ण केली आहे. छापलेली नाही. ही कुठल्या पुरस्काराला पाठवू? एका संस्थेचा मेसेज आला आहे की, नोंदणी शुल्क भरा, ‘साहित्यरत्न’ पुरस्कार नक्की देऊ.
– एक वाचक, ऐरोली

शेवटापासून सुरुवात करते. ‘नक्की देऊ’ म्हणणाऱ्याला एक पैसा देऊ नका. पुरस्कार म्हणजे कुणीतरी तुमचं लिखाण दुसऱ्या दहा जणांच्या लिखाणाशेजारी ठेवून वाचणं. वाचण्याआधीच निकाल लागला असेल तर तो पुरस्कार नाही, शाल-श्रीफळाची विक्री आहे. परदेशातल्या चांगल्या स्पर्धाही प्रवेशशुल्क घेतात, ते समजण्यासारखं आहे. पण तिथे निकालाची हमी कुणी देत नाही. हा फरक पक्का लक्षात ठेवा.

आता तुमची कादंबरी. ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनचा अप्रकाशित लेखकांसाठी एक खंजीर, म्हणजे डॅगर पुरस्कार, आहे. कादंबरीची सुरुवातीची पानं आणि सगळ्या कथानकाचा सारांश, एवढंच ते मागतात. पण इंग्रजीत. तुम्ही मराठीत लिहिलंत याचा मला आनंद आहे, तेव्हा ती वाट आज तुमची नाही. मात्र त्या अर्जाची पद्धत उचला. सुरुवातीची दहा-बारा पानं आणि दोन पानांत संपूर्ण सारांश, गुन्हेगार कोण यासकट, असं करून ठेवा. आपल्याकडचे लेखक संपादकालाही शेवट सांगत नाहीत, ‘पुढे वाचल्यावर कळेल’ म्हणतात. संपादकाला उत्कंठा नको असते, त्याला बांधणी पक्की आहे का ते बघायचं असतं.

अबीर मुखर्जी यांचं उदाहरण देते. ते लंडनमध्ये हिशेबतपासनीस होते. २०१४ मध्ये एका प्रकाशनसंस्थेच्या आणि वृत्तपत्राच्या स्पर्धेला त्यांनी अपुऱ्या कादंबरीची पहिली पानं पाठवली आणि ते जिंकले. १९१९ चं कलकत्ता, एक इंग्रज पोलिस अधिकारी आणि त्याच्याबरोबर सार्जंट बॅनर्जी. पुस्तक पुरं झालं, छापलं गेलं, आणि २०१७ मध्ये त्याला ऐतिहासिक कादंबरीचा डॅगर मिळाला. नोकरी करत, रात्री बसून लिहिलेलं ते पुस्तक आहे.

मराठीत आज तुमच्यापुढे खऱ्या दोन वाटा आहेत. पहिली दिवाळी अंकांची. ‘धनंजय’सारख्या अंकांनी गूढ आणि रहस्यकथेला वर्षानुवर्षं हक्काची जागा दिली आहे. संपादक उन्हाळ्यापासूनच साहित्य जमवायला लागतात, ऑगस्टमध्ये जागे झालात तर उशीर झाला. कादंबरीतल्याच तपास अधिकाऱ्याला घेऊन एक स्वतंत्र कथा लिहा, कादंबरीचा तुकडा तोडून पाठवू नका. दुसरी वाट पुस्तक छापून झाल्यावरची. राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीसाठी वेगळा श्री. ना. पेंडसे पुरस्कार आहे. त्यात रहस्यकथेला वेगळा रकाना नाही, पण बंदीही नाही. आपली माणसं ‘आपल्याला कोण विचारतंय’ म्हणून प्रवेशिकाच भरत नाहीत. तुम्ही भरा. परीक्षकांच्या टेबलावर रहस्यकथा पोचलीच नाही, तर त्यांनी ती डावलली असं तरी कसं म्हणायचं?

काकू, मी कळव्याला राहतो, कॉलेजात आहे. मला पोलिस तपासाची कथा लिहायची आहे, पण मी कधी पोलिस स्टेशनची पायरी चढलेलो नाही. लिहू का?
– एक विद्यार्थी, कळवा

लिही रे, बिनधास्त लिही. एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रज लेखकानं मुंबईचा इन्स्पेक्टर घोटे निर्माण केला तेव्हा त्यानं भारत पाहिलासुद्धा नव्हता. त्या मालिकेतल्या पहिल्याच कादंबरीला १९६४ चा गोल्ड डॅगर मिळाला. मुंबईत तो आला त्यानंतर दहा वर्षांनी. पुढे डिटेक्शन क्लबचा अध्यक्षही झाला. नकाशे, वर्तमानपत्रं, पुस्तकं यांवर त्यानं मुंबई उभी केली आणि घोटे हा माणूस जिवंत केला: साहेबाला घाबरणारा, बायकोला घाबरणारा, तरी तपास न सोडणारा.

पण तो काळ वेगळा होता आणि त्याचा वाचक सातासमुद्रापलीकडचा होता. तुझा वाचक कोर्टनाक्यावर चहा पितो. त्याला चूक लगेच कळते. म्हणून मी कोर्टात बसून जे पाहिलं त्यातलं थोडं तुला देते.

बहुतेक मराठी कथांत शेवटी आरोपी इन्स्पेक्टरसमोर कोसळतो, ‘हो, मीच मारलं’ म्हणतो, आणि कथा संपते. कोर्टात त्या वाक्याला काडीची किंमत नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं २५ वं कलम तेच सांगत होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं २३ वं सांगतं. मग पोलिस काय करतात? आरोपी म्हणतो, ‘चाकू कुठे टाकला ते दाखवतो.’ दोन पंच बोलावतात, त्याचं निवेदन लिहून घेतात, गाडीत बसून सगळे निघतात, आरोपी बोट दाखवतो आणि झुडपातून चाकू निघतो. त्या बोलण्यातला जेवढा भाग त्या चाकूपर्यंत नेतो, तेवढाच कोर्ट धरतं. बाकीचं सोडून देतं.

आता तो चाकू कोर्टात येतो कसा ते बघ. खाकी कागदाचं पाकीट, त्यावर सुतळी, सुतळीच्या गाठीवर लाखेचं सील, आणि वर चिकटवलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर गुन्हा रजिस्टर क्रमांक, तारीख, पंचांच्या सह्या. सरकारी वकील पंचाला विचारतात, ‘ही सही तुमची का?’ तो हो म्हणतो. मग सगळ्यांसमोर सुतळी कापली जाते. मधे हे पाकीट कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जाऊन आलेलं असतं, म्हणजे त्यावर आता प्रयोगशाळेचंही सील असतं. बचावाचे वकील चाकूकडे फारसं बघतच नाहीत. ते सील बघतात. सील पंचनाम्यात लिहिल्यासारखं आहे का? प्रयोगशाळेला पाकीट पाठवायला इतके दिवस का लागले? तोवर ते कुठे ठेवलं होतं, कुणाच्या ताब्यात? चांगला वकील एवढ्या प्रश्नांवर खटला हलवतो. आणि पंच! नाक्यावरून धरून आणलेला फळवाला, तीन-चार वर्षांनी साक्षीला उभा राहतो आणि म्हणतो, ‘मला काही आठवत नाही, साहेबांनी सही कर म्हटलं म्हणून केली.’ तो फितूर होतो. का होतो? भीती, पैसा, की खरंच आठवत नाही? यातल्या प्रत्येक ‘का’ची एक कादंबरी होईल, आणि ती मराठीत लिहिली गेलेली मला वाचायची आहे.

एक तारीख मात्र चुकवू नकोस, १ जुलै २०२४. त्या दिवशी नवे कायदे लागू झाले. त्याआधी घडलेल्या खुनाला भारतीय दंड संहितेचं ३०२ कलम, त्यानंतरच्या खुनाला भारतीय न्याय संहितेचं १०३. झडती आणि जप्तीचं आता चित्रीकरण करावं लागतं, आणि सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जावं अशी तरतूद आहे. तुझी कथा २०२५ मध्ये घडत असेल आणि हवालदार एकटाच कागदावर पंचनामा लिहीत बसलेला असेल, तर वाचक तिथेच थांबेल.

जाता जाता: सत्र न्यायालयाचं कामकाज सहसा खुलं असतं. कुणीही मागच्या बाकावर बसून ऐकू शकतं. मोबाइल बंद कर, गप्प बस, आणि वही घेऊन जा.

ऐरोलीच्या पुलाखाली खाडीत प्रेत सापडलं तर तपास कुणाचा? माझ्या कथेत तीन पोलिस ठाण्यांचा वाद दाखवायचा आहे.
– एक वाचक, मुलुंड पूर्व

ऐरोलीकडचा काठ नवी मुंबई पोलिसांचा, मुलुंडकडचा मुंबई पोलिसांचा, आणि भरतीनं प्रेत कळव्याच्या बाजूला सरकलं तर ठाणे पोलिसांचा. तीन आयुक्तालयं एका खाडीवर, कथेला सोन्यासारखी जागा आहे. पण हद्द नाही म्हणून तक्रार घेणं नाकारता येत नाही. शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवतात. तेव्हा वाद तक्रार घेण्यावरून दाखवू नका, तपास कुणी करायचा यावरून दाखवा. तो जास्त खरा वाटेल.

रहस्यकथा हे टाइमपास वाङ्मय आहे. गुन्ह्याचं आकर्षण वाढवणाऱ्या लिखाणाला पुरस्कार देणं म्हणजे अभिरुचीचा ऱ्हास. ठाण्यानं साहित्य संमेलनं भरवली आहेत, त्या शहराला हे शोभत नाही.
– एक वाचक, सेक्टर १७, वाशी

तुमचा राग मी समजू शकते, पण तुमचं म्हणणं मला मान्य नाही.

कोर्टात मी वर्षानुवर्षं पाहिलं की, खऱ्या खुनात आकर्षक असं काही नसतं. एका बाजूला मेलेल्या मुलाची आई बसलेली असते, दुसऱ्या बाजूला आरोपीची आई, आणि दोघी एकाच नळावर तोंड धुतात. चांगली रहस्यकथा त्या दोन बायकांपर्यंत नेऊ शकते. दीपा अनप्परा या पत्रकार. भारतात बातमीदारी करताना त्यांनी गरीब वस्त्यांतल्या मुलांविषयी लिहिलं होतं. त्यांच्या पहिल्या कादंबरीत वस्तीतली मुलं एकामागून एक नाहीशी होतात, पोलिस लक्ष देत नाहीत, आणि एक नऊ वर्षांचा मुलगा टीव्हीवरच्या मालिका बघून शिकल्यासारखा तपासाला निघतो. त्या कादंबरीला २०२१ चा एडगर मिळाला. गरिबाचं मूल हरवलं तर कोण शोधतं, हा प्रश्न तिनं जगभर नेला. याला टाइमपास म्हणाल का? सुजाता मॅसी यांची नायिका १९२० च्या दशकातल्या मुंबईतली पारशी स्त्री वकील आहे. पडद्यातल्या विधवांच्या वारसाहक्काचा प्रश्न त्यांनी एका खुनाच्या गोष्टीतून मांडला. त्यांनाही अमेरिकेत पुरस्कार मिळाला. मुंबईची ही गोष्ट इंग्रजीतून जग वाचतं. मराठीत ती का लिहिली गेली नाही, याचा विचार आपण करायला हवा.

स्वीडनमध्ये मै श्योवाल आणि पेर वाहलू या जोडप्यानं १९६५ ते १९७५ मध्ये दहा पोलिस कादंबऱ्या लिहिल्या, आपल्या समाजावर टीका करण्यासाठीच लिहिल्या. १९७१ मध्ये तिथे गुन्हेगारी साहित्याची अकादमी झाली. पुढे १९९२ पासून उत्तर युरोपातल्या देशांचा मिळून ‘काचेची किल्ली’ हा पुरस्कार सुरू झाला, पहिला मान हेनिंग मांकेल यांना. आज त्या चिमुकल्या देशांच्या रहस्यकथा जगभर भाषांतरित होतात.

आणि संमेलनाचं म्हणाल तर, २०१० मध्ये ८४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ठाण्यात झालं याचा मलाही अभिमान आहे. पण ग्रंथप्रदर्शनात पुस्तक उचलणाऱ्या माणसाला वाचनाची गोडी कुठून लागली, हे एकदा विचारून बघा. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांना ती भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयातल्या अर्नाळकरांनी, गुरुनाथ नाईकांनी आणि नंतर सुहास शिरवळकरांनी लावली. हे ऋण मान्य करण्यात कसला कमीपणा?

आम्ही घोडबंदर रोडच्या एका सोसायटीतल्या सहा-सात जणी आहोत. भिशीत रहस्यकथांवरच गप्पा होतात. दोघी लिहितातही. तुमचं वाचून वाटतं की मंडळ काढावं. कसं काढायचं? नोंदणी लागते का? आणि पुरस्कार ठेवायचा तर पैसे?
– एक गृहिणी, घोडबंदर रोड, ठाणे

अहो, याच पत्राची मी वाट बघत होते!

नोंदणीच्या मागे आता लागू नका. घटना, अध्यक्ष, उपाध्यक्ष यांत पहिलं वर्ष जातं आणि भांडणंही तिथेच सुरू होतात. डिटेक्शन क्लब जेवणातून झाला, जपानची संस्था शनिवारच्या बैठकींतून. तुमची भिशी आहेच. महिन्यातली एक बैठक फक्त यासाठी ठेवा.

बैठकीत काय करायचं ते सांगते. लिहिणाऱ्या दोघींपैकी एकीनं आपली कथा वाचायची, पण शेवटाच्या आधी थांबायचं. उलगडा वाचायचाच नाही. मग सगळ्यांनी चिठ्ठीवर लिहायचं: गुन्हेगार कोण, आणि कथेतल्या कुठल्या गोष्टीवरून ओळखलं. दुसरा भाग पहिल्यापेक्षा महत्त्वाचा. चिठ्ठ्या वाचल्यावर लेखिकेला तिथल्या तिथे कळतं. सगळ्यांनी बरोबर ओळखलं तर पुरावा फार उघडा पडला. कुणीच ओळखलं नाही, आणि शेवट ऐकल्यावरही ‘हे कुठे सांगितलं होतंस?’ असं सगळ्यांनी विचारलं, तर पुरावा दिलाच नव्हता. दोघी-तिघींनी ओळखलं आणि बाकीच्यांनी शेवट ऐकून कपाळावर हात मारला, तर कथा जमली. ‘छान आहे गं’ म्हणायला बंदी ठेवा. मैत्रिणींच्या मंडळात हीच सगळ्यात मोठी अडचण असते.

वाचायला कथा नसेल त्या महिन्यात जुनी मराठी रहस्यकथा घ्या. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे. तिथे जाऊन जुन्या कथा मागा, कर्मचाऱ्यांशी बोला. आपण मागितलं तर पुस्तकं जपली जातात, कुणी मागितलंच नाही तर ती एक दिवस बाद होतात.

आणखी एक काम मनावर घ्या. अमेरिकेत १९८६ मध्ये सारा पारेत्स्की आणि त्यांच्या सहकारी लेखिकांनी सिस्टर्स इन क्राइम ही संस्था काढली. त्यांनी वर्तमानपत्रं समोर घेतली आणि रहस्यकथांची परीक्षणं मोजली: स्त्रियांच्या पुस्तकांची किती, पुरुषांच्या पुस्तकांची किती. आकडे संपादकांपुढे ठेवले. नुसती तक्रार केली असती तर कुणी ऐकलं नसतं. तुम्ही या दिवाळीला दहा अंक घ्या आणि मोजा. रहस्यकथा किती, त्यांत बायकांनी लिहिलेल्या किती. निकाल मला कळवा, या सदरात छापेन, हा माझा शब्द.

पुरस्काराला घाई नको. आधी वर्षभर बैठका होऊ द्या. मग एकच ठेवा, आणि तो अप्रकाशित पहिल्या रहस्यकथेला. कथा मागवताना नाव वेगळ्या पाकिटात घ्या, परीक्षकांना नुसता क्रमांक दिसू द्या. परीक्षक तीन असावेत, त्यांत एक निव्वळ वाचक हवा, लेखक नको. प्रवेशशुल्क नको. रक्कम तुम्ही सहा-सात जणी मिळून काढाल तेवढी पुरे, पण सोबत एक गोष्ट हमखास द्या: तिन्ही परीक्षकांचा लेखी अभिप्राय, प्रत्येक स्पर्धकाला, हरलेल्यालाही. नव्या लेखकाला रकमेपेक्षा तो कागद जास्त उपयोगी पडतो, आणि पुढच्या वर्षी तोच माणूस सुधारलेली कथा घेऊन परत येतो.

पुरस्काराला नाव कुणाचं द्यावं असंही तुम्ही पत्राच्या खाली विचारलं आहे. अमेरिकनांनी पो यांचं दिलं, जपान्यांनी राम्पो यांचं. आपण बाबूराव अर्नाळकरांचं द्यावं, त्यांच्या कुटुंबीयांना आधी विचारून. पहिल्या बैठकीची तारीख ठरली की मला कळवा. घोडबंदरची बस मला ठाणे स्टेशनवरून मिळते, संध्याकाळी पाचनंतरची वेळ ठेवलीत तर मी येईन, आणि चिठ्ठी मीसुद्धा लिहीन.